मैदानात ४३ टक्के, मॅनेजरच्या खुर्चीत किती?

रविवारची_शिट्टी

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, इतके कमी का, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, इथल्या एका छोट्या क्लबचा गोलकीपर. त्याचे कोच जमैकन वंशाचे, जन्म इथलाच, वय चाळिशीच्या पुढे. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ओल्या गवतावर नारिंगी शंकू मांडतात, गोलच्या जाळीला भोक पडलं असेल तर सुतळीने गाठ मारतात. खिशात एक छोटी वही असते. कुठला पोरगा किती मिनिटं खेळला ते तिच्यात लिहितात, म्हणजे कुणावर अन्याय नको.

तीन आठवड्यांपूर्वी एक नवे रेफरी आले. तरुण, हसतमुख माणूस. कोच मध्यरेषेपाशी वही घेऊन उभे, अंगात क्लबचं जॅकेट, त्यावर छातीशी 'मॅनेजर' असं छापलेलं. रेफरी त्यांच्या अगदी शेजारून पुढे गेले आणि पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलून आणणाऱ्या एका गोऱ्या बाबांशी हात मिळवून म्हणाले, "तुम्हीच मॅनेजर ना?" ते बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते. त्यांनी कोचकडे बोट दाखवलं. रेफरी ओशाळले, माफी मागितली. कोच म्हणाले, "होतं असं," आणि वही उघडून नावं सांगायला लागले.

मी चार पावलांवर होतो. काही बोललो नाही. परतताना गाडीत मुलाने विचारलं, "बाबा, त्यांना कोच दिसले नाहीत का?" मी म्हटलं, घाईत असतील. ते उत्तर मला अजून टोचतंय.

तेव्हापासून वाचायला लागलो. २०२२ मध्ये ब्लॅक फुटबॉलर्स पार्टनरशिप या संघटनेने एक अहवाल काढला. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, ४३ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय, आणि माजी खेळाडूंना ज्या मॅनेजरच्या जागा मिळतात त्यांत कृष्णवर्णीय साडेचार टक्केही नाहीत. असं का होतं? आणि दुसरं, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं का?

पेठेतला_बचावपटू

प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण रविवारच्या मैदानावरची चूक आणि प्रीमियर लीगच्या नेमणुका या दोन गोष्टी मी एकत्र करणार नाही. मालकाला जिंकायचं असतं. हरल्यावर कोट्यवधी पौंड पाण्यात जातात. उद्या हिरव्या रंगाचा माणूस ट्रॉफी आणून देणार असेल तर मालक त्यालाही घेईल. रूड गुलिट १९९६ मध्ये चेल्सीचा मॅनेजर झाला, पुढच्याच वर्षी एफए कप जिंकला. पॅट्रिक व्हिएरा क्रिस्टल पॅलेसला, नुनो वुल्व्हजला, आणि व्हिन्सेंट कॉम्पनी तर बर्नलीबरोबर खालच्या विभागात घसरूनसुद्धा २०२४ मध्ये थेट बायर्न म्युनिकला! गुणवत्ता असली की दार उघडतं.

शेवटची_लोकल

बचावपटूंशी सहमत. सगळीकडे वंशभेद शोधायची गरज नाही.

आकडेमोड

@पेठेतला_बचावपटू, तुम्ही घेतलेली नावं पुन्हा एकदा वाचा. गुलिट नेदरलँड्सचा. व्हिएरा फ्रान्सचा. नुनो पोर्तुगालचा. कॉम्पनी बेल्जियमचा. इंग्लंडमध्येच वाढलेला, तिथल्याच गल्लीत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय प्रीमियर लीग मॅनेजर कोण? पॉल इन्स, ब्लॅकबर्न, जून २००८. लीग १९९२ मध्ये सुरू झाली. म्हणजे सोळा वर्षं लागली. आणि इन्सला डिसेंबरात नारळ मिळाला. १७ लीग सामन्यांत ३ विजय, निकाल वाईटच होते, ते मी नाकारत नाही. पण सहा महिने!

आता 'मालकाला जिंकायचं असतं' या मुद्द्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी १९७८ ते १९९३ या काळातले इंग्लिश क्लब तपासले. पगारावर सारखाच खर्च करणाऱ्या क्लबांमध्ये ज्यांच्याकडे कृष्णवर्णीय खेळाडू जास्त, ते गुणतक्त्यात वर. याचा अर्थ बाकीचे क्लब चांगले खेळाडू स्वस्तात मिळत असतानाही घेत नव्हते. स्वतःचं नुकसान करून घेत होते. तेव्हाच्या मालकांनाही जिंकायचंच होतं.

खेळाडूंच्या बाबतीत हे पुढे सुटत गेलं, कारण खेळाडूचं काम दर शनिवारी उघड्यावर दिसतं. गोल झाला की झाला. मॅनेजरचं तसं नाही. कुणामुळे जिंकलो, पैशामुळे की मॅनेजरमुळे, हे नेमकं सांगता येत नाही. मग बंद खोलीतली चार माणसं 'हा मॅनेजरसारखा दिसतो का' यावर निर्णय घेतात. शिट्टी, तुमच्या रेफरींनी तेच केलं, फक्त त्यांच्याकडे खोली नव्हती.

म्हापशेकार

शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

पेठेतला_बचावपटू

आकडेमोड, मुद्दा चांगला आहे. पण ख्रिस ह्यूटनचं काय? न्यूकॅसल, बर्मिंगहॅम, नॉरिच, ब्रायटन, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शिवाय घाना. एवढ्या संधी किती गोऱ्या मॅनेजरांना मिळतात? मॅनेजरची नोकरीच अशी आहे की सगळेच हाकलले जातात.

डाव्या_बगलेतून

ह्यूटन माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लिहितेच.

२००९ साली न्यूकॅसल प्रीमियर लीगमधून घसरला होता. ड्रेसिंग रूममध्ये वादळ, मालकाला क्लब विकायचाय, कुणालाच काही धड माहीत नाही. अशा वेळी ह्यूटनने तो संघ १०२ गुण मिळवून, चॅम्पियनशिप म्हणजे त्याखालची लीग जिंकून वर आणला. पुढच्या डिसेंबरात, संघ गुणतक्त्याच्या मध्यावर असताना, त्याला काढलं. कारण काय दिलं? क्लबला पुढे न्यायला जास्त अनुभवी माणूस हवाय! खेळाडूंनाही धक्का बसला होता.

ब्रायटनला त्याने २०१७ मध्ये ३४ वर्षांनी पहिल्या विभागात नेलं आणि दोन मोसम तिथे टिकवलं. २०१९ मध्ये एफए कपची उपांत्य फेरीही गाठली. मोसम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ. ब्रायटनला वेगळ्या पद्धतीचा खेळ हवा होता आणि नंतर त्यांचं भलंच झालं, हे मान्य. पण मग डॅरेन मूरचं बघा. एप्रिल २०१८ मध्ये वेस्ट ब्रॉम बुडत असताना हाती घेतला, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला हरवलं, महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. पुढच्या मार्चमध्ये संघ चॅम्पियनशिपमध्ये चौथा असताना काढला. चौथा! नंतर २०२३ मध्ये त्याचा शेफील्ड वेन्सडे प्लेऑफच्या, म्हणजे बढतीसाठीच्या बाद फेरीच्या, उपांत्य फेरीत पीटरबरोकडून पहिला सामना ०-४ हरला होता. मूरने परतीच्या सामन्यात ती पिछाडी भरून काढली, मग वेम्बलीवर अगदी शेवटच्या मिनिटाच्या गोलवर बढती मिळवली. महिन्याभरात तो क्लबबाहेर होता. 'परस्पर संमतीने' म्हणे.

एकेक प्रसंग सुटा घेतला तर प्रत्येकाला कारण देता येतं. मला त्रास होतो तो सगळे ओळीने मांडल्यावर.

इतिहास_वाचक

ओळीने मांडायचे तर सुरुवात १९६० पासून करू. टोनी कॉलिन्स, रॉचडेल. इंग्लिश फुटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. चौथ्या विभागातला गरीब संघ घेऊन तो १९६२ मध्ये लीग कपच्या अंतिम फेरीत पोचला. नॉरिचकडून हरला, पण चौथ्या विभागातल्या संघाने तिथवर जाणं म्हणजे केवढी गोष्ट! याचं पुढे काय झालं? त्याने मोठमोठ्या क्लबांसाठी खेळाडू हेरायचं आणि प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी काढायचं काम केलं. लीड्ससारख्या क्लबचा तो मुख्य स्काउट होता. म्हणजे डोकं सगळ्यांना हवं होतं, पण टेबलामागे, खिडकीत नको.

१९९३ मध्ये लिंकन सिटीत कीथ अलेक्झांडर येईपर्यंत मध्ये मोठी पोकळी. अलेक्झांडर २००२ मध्ये पुन्हा लिंकनचा मॅनेजर झाला तेव्हा क्लब दिवाळखोरीच्या काठावर होता. फुकटात मिळतील ते उंचापुरे खेळाडू गोळा करून त्याने सलग चार वर्षं संघ प्लेऑफमध्ये नेला. मधेच मेंदूतल्या रक्तवाहिनीचा गंभीर आजार झाला, मरता मरता वाचला, परत येऊन बाकावर बसला. वरच्या कुठल्या मोठ्या क्लबने कधी त्याला बोलावलं नाही. २०१० मध्ये तो गेला तेव्हा मॅकल्सफील्डचा मॅनेजर होता. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोठा माणूस हाच.

नेरूळ_पूर्व

जरा विषयांतर. २०१५ मध्ये निकोलस अनेल्का मुंबई सिटीचा खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही होता, आठवतंय का कुणाला? आम्ही डी. वाय. पाटील स्टेडियमला जायचो, घरापासून चालत. सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक केली तो सामना पाहिलाय. आता हा धागा वाचताना लक्षात आलं, मी तेव्हा पूर्ण वेळ अनेल्का कधी उतरतो, कधी गोल मारतो एवढंच बघत होतो. हाच संघ निवडतो, हाच बदली खेळाडू ठरवतो, हे माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. घरी येऊन चर्चा कशाची, तर त्याच्या पहिल्या टचची.

कोल्हापुरी_लेफ्टविंग

नेरूळकर, लई मनातलं बोललासा.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना कसली गर्दी असती ते सांगायला नको. तालमींच्या संघांतनं आफ्रिकन खेळाडू आलेले आम्ही बघितल्यात. एका संघात एक नायजेरियन मिडफिल्डर होता. मी तेव्हा कॉलेजात, संघाचे कपडे धुवायला टाकायचं काम माझ्याकडं. त्या गड्याचं नाव गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं. रंगावरनंच हाक मारायची, तीही प्रेमानं असं सगळ्यांना वाटायचं. गोल झाला की डोक्यावर घेणार आणि चुकला की तोंडाला येईल ते.

तो गडी मध्यंतराला चहाच्या कपांनी सिमेंटच्या कट्ट्यावर फळी मांडून दाखवायचा. साखरेच्या पुडीचा बॉल. "ह्यांचा राइट बॅक चेंडू घेताना आत वळतो, तिकडनं दाब द्या." मोडक्या हिंदीत. मी कान देऊन ऐकायचो. बाकीचे म्हणायचे, तू पळ रे, डोकं आम्ही लावतो. त्या हंगामात तो सांगत होता तसा एकदाच खेळलो आणि तो सामना आम्ही जिंकला. त्यानंतर परत कुणी विचारलं नाही.

एवढ्या वर्षांत कुठल्या आफ्रिकन खेळाडूला 'आमचा कोच हो' म्हटलेलं माझ्या तरी कानावर नाही.

म्हापशेकार

गोव्यात वेगळं नाही रे. रांती मार्टिन्स धेंपोसाठी किती वर्षं गोल करत राहिला, ओडाफा चर्चिलसाठी. फातोर्ड्याला आम्ही त्यांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडायचो. लोक काय म्हणायचे? "काय ताकद, काय उंची!" रांती बॉक्समध्ये कुठे उभा राहतो, बचावपटूच्या पाठीमागे कधी सरकतो, हे बघितलं तर ते सगळं डोक्याचं काम होतं.

आणखी एक. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली. कायमस्वरूपी भारतीय मुख्य कोच मिळायला २०२१ उजाडलं, खालिद जमील, नॉर्थईस्ट. त्याने त्याच्या आधी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली होती! आमचे आर्मांदो कुलासो, धेंपोसोबत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. तरी 'युरोपियन कोच आणा' हाच जप. २०२३ मध्ये क्लिफर्ड मिरांडाने ओडिशाला सुपर कप जिंकून दिला तेव्हा मी अक्षरशः रडलो. ज्याला वरून कुणीतरी 'तुला नाही जमणार' म्हटलंय, त्याला हे लगेच कळतं.

आकडेमोड

'ताकद' या शब्दावर. २०२० मध्ये रनरिपीट या संस्थेने आणि खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे पीएफएने, एक पाहणी केली होती. युरोपातल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन, दोन हजारांवर विधानं. हुशारीचं कौतुक झालं त्यातलं ६० टक्क्यांवर गोऱ्या किंवा उजळ खेळाडूंच्या वाट्याला. ताकदीबद्दल बोलताना सावळ्या खेळाडूंचा उल्लेख होण्याची शक्यता सहा पटींहून जास्त. वर्षानुवर्षं हे कानावर पडलेला मालक एक दिवस मॅनेजर निवडायला बसतो. त्याने मनात द्वेष धरायचीसुद्धा गरज नाही.

शेवटची_लोकल

पण हे अजाणतेपणी होत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा?

डाव्या_बगलेतून

दोष कुणाला द्यायचा हे नंतर ठरवू हो. आधी ज्याची जागा गेली त्याची भरपाई कशी करायची ते सांगा.

इतिहास_वाचक

मराठी वाचकाला हे सांगायला इंग्लंडपर्यंत जायला नको. दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात नेटमध्ये गोलंदाजी करून तयार झालेला डावखुरा फिरकीपटू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. हिंदू संघाला बाळूची गोलंदाजी हवी होती, पण चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आणि कप्तानी? शेवटपर्यंत नाही. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कप्तान झाला तेव्हा ते दार उघडलं. बळी घेण्यापुरता माणूस चालतो, हुकूम द्यायला नाही. अगदी तीच गाठ.

पेठेतला_बचावपटू

बाळूंचं उदाहरण दिल्यावर मला थांबून विचार करावा लागला, हे मान्य करतो. माझ्या आजोबांनी विठ्ठलला खेळताना पाहिलं होतं, त्याबद्दल ते बोलायचे. बाळूला कप्तान का केलं नाही हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तरी एक शंका राहतेच. उपाय काय? 'एवढे टक्के घ्याच' असा नियम केला तर ज्याला घेतलं त्याच्याकडेच लोक संशयाने बघतील.

मुलाखतवाली

इतके दिवस वाचत होते, आता माझ्या कामाचा विषय आला. मी पुण्यात नोकरभरतीचं काम करते, एकोणीस वर्षं झाली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २००३ पासून 'रूनी रूल' आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या नावावरून. मुख्य कोच नेमताना सुरुवातीला किमान एका, आणि पुढे नियम वाढवून किमान दोन अल्पसंख्याक उमेदवारांची मुलाखत घ्यायचीच. बचावपटू, नीट बघा, घ्यायचाच असं नाही, भेटायचंच असं आहे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगखालच्या ७२ क्लबांनी २०१८ मध्ये असाच नियम स्वीकारला. पण त्यात मेख अशी की एकापेक्षा जास्त उमेदवारांचा विचार होत असेल तरच तो लागू. मालकाने एकालाच फोन केला, जेवायला नेलं, सही घेतली, तर नियमाचा प्रश्नच येत नाही. आणि फुटबॉलमध्ये नेमणुका होतात त्या बहुतेक अशाच. सकाळी एकाला काढलं, दुपारी दुसरा मैदानावर. त्याच्याशी बोलणं आधीच झालेलं असतं.

आमच्याकडेही तेच. जागा भरायची घाई असली की साहेब म्हणतात, "ओळखीतलं कुणी आहे का?" आणि माणसाच्या ओळखी त्याच्यासारख्याच माणसांच्या असतात. मी उमेदवारांच्या याद्या करते. माझ्या यादीत जे नाव नसतं, त्याचं काम कितीही चांगलं असो, ते त्या खोलीत जातच नाही. एकदा एका मुलाखतीनंतर सगळे म्हणाले, "हुशार आहे, पण आपल्यात मिसळणार नाही." मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? खोलीत कुणालाच सांगता येईना. तो मुलगा आडनावावरून गळला होता. मी तेव्हा हट्ट धरून त्याची दुसरी मुलाखत घ्यायला लावली. नोकरी त्याला नाहीच मिळाली, पण पुढच्या जागेसाठी त्याच साहेबांनी आपणहून त्याचं नाव काढलं. भेटल्याने एवढं होतं.

आकडेमोड

मुलाखतवाली ताई, उत्तम. जोड म्हणून: इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे एफएने, ऑक्टोबर २०२० मध्ये क्लबांसाठी विविधतेची संहिता काढली. नव्या कोच-नेमणुकांत २५ टक्के कृष्णवर्णीय, आशियाई किंवा मिश्र वंशाचे, वरिष्ठ कोचमध्ये १० टक्के. पण ती ऐच्छिक होती.

डाव्या_बगलेतून

मला वाटतं पहिल्या संधीइतकाच दुसऱ्या संधीचा प्रश्न आहे. दोन माणसं शेजारी उभी करते.

जॉन बार्न्स. लिव्हरपूलचा जादूगार. १९९९ मध्ये सेल्टिकने त्याला मॅनेजर केलं, अनुभव नसताना. फेब्रुवारी २००० मध्ये स्कॉटिश कपात इनव्हर्नेसकडून घरच्या मैदानावर १-३ हरले, बार्न्स गेला. पुढचा क्लब त्याला कधी मिळाला? २००९ मध्ये, ट्रॅनमिअर. मधल्या काळात जमैकाचा राष्ट्रीय संघ, पण क्लब एकही नाही. नऊ वर्षं! आणि ट्रॅनमिअरनेही काही महिन्यांत घरी पाठवला.

फ्रँक राइकार्ड. हाही कृष्णवर्णीय, नेदरलँड्सचा. २००२ मध्ये त्याच्या हाताखाली स्पार्टा रॉटरडॅम इतिहासात पहिल्यांदा खालच्या विभागात गेला. बार्न्सपेक्षा मोठं अपयश. पण २००३ मध्ये त्याला बार्सिलोना मिळाला आणि २००६ मध्ये त्याने चॅम्पियन्स लीग जिंकली. बार्सिलोनाने त्याच्या अपयशापलीकडे बघितलं नसतं तर? असे किती राइकार्ड स्पार्टानंतर घरी बसले असतील?

शेवटची_लोकल

हे दोघं एकत्र कधी पाहिले नव्हते. आधीची सहमती मागे घेतो.

साओ_पावलोचा_सुभाष

कामानिमित्त सहा वर्षं ब्राझीलमध्ये आहे. इथे तर निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय किंवा मिश्र वंशाचे, पेले इथलाच, तरी पहिल्या विभागात कृष्णवर्णीय कोच शोधावे लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये माराकानावर फ्लुमिनेन्से आणि बाहिया यांचा सामना झाला. फ्लुमिनेन्सेचा मार्काओ, बाहियाचा रॉजर माशादो. दोन्ही बाकांवर कृष्णवर्णीय कोच ही तिथे बातमी होती! दोघांनी वंशभेदाविरुद्धचे सारखेच शर्ट घातले. सामन्यानंतर रॉजरने पत्रकारांसमोर गुलामगिरीपासून आजपर्यंतचं सगळं शांतपणे सांगितलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तो व्हिडिओ मला दाखवला, स्वतः कृष्णवर्णीय. संपेपर्यंत तो काही बोलला नाही, मग फोन खिशात ठेवून कामाला लागला.

कोल्हापुरी_लेफ्टविंग

आफ्रिकेतनं चांगल्या बातम्या हाईत की. २०१८ च्या वर्ल्ड कपात ३२ संघांत एकटा सेनेगलचा आलियू सिसे कृष्णवर्णीय कोच होता. २०२२ ला आफ्रिकेच्या पाचही संघांचे कोच आफ्रिकनच. आणि आयव्हरी कोस्टचा एमर्स फाए! आफ्रिका कप मधेच असताना कोचला काढला, ह्याला तात्पुरता बसवला, गड्यानं कपच जिंकला. गटात चार गोलांनी मार खाल्लेला संघ, बरं का.

म्हापशेकार

आणि होप पॉवेल विसरू नका. इंग्लंडच्या महिला संघाची कोच, १९९८ ते २०१३. पंधरा वर्षं. २००९ मध्ये युरोच्या अंतिम फेरीत. युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, तिचं सगळ्यात वरचं प्रो लायसन्स मिळवणारी पहिली महिला. जमैकन आईवडिलांची लेक, तुमच्या कोचसारखीच, शिट्टी.

पेठेतला_बचावपटू

@रविवारची_शिट्टी, मूळ प्रश्न राहिला बाजूला. तुम्ही बोलायला हवं होतं का? मला वाटतं हो. रेफरीला नाही, ते ओशाळलेच होते. मुलाला. त्याने बरोबर पाहिलं होतं आणि आपण त्याला 'घाईत असतील' म्हणून गप्प केलं. माझ्या आजोबांना न विचारलेला प्रश्न आठवल्यामुळे हे लिहितोय.

रविवारची_शिट्टी

बचावपटू, पटलं. काल रात्री मुलाशी बोललो. म्हटलं, त्यांना कोच दिसले, पण मॅनेजर दिसले नाहीत. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण जॅकेटवर लिहिलंय की!" माझ्याकडे पुढे उत्तर नव्हतं.

आज सरावानंतर कोचशीही बोललो. शंकू गोळा करायला मदत केली आणि सरळ सांगितलं, त्या दिवशी मी गप्प बसलो, मला बरं वाटलं नाही. ते म्हणाले, महिन्यातून एकदा होतंच, पार्किंगमध्ये, चेंजिंग रूममध्ये, एकदा तर प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमातच दारावर त्यांना सामान कुठे ठेवायचं ते सांगितलं गेलं. युएफा बी लायसन्स त्यांनी स्वतःच्या पैशाने केलंय, रात्रीची नोकरी सांभाळून. वरच्या लायसन्ससाठी हजारो पौंड लागतात, आणि क्लबची नोकरी असली तर क्लब भरतो. नोकरीसाठी लायसन्स, लायसन्ससाठी नोकरी. वहीत मागच्या पानावर त्यांनी अर्जांची यादी ठेवलीय. मी पाहिली. अकरा नावं, नऊंपुढे काहीच नाही, एकापुढे 'नाही'.

अकराव्यापुढे गुरुवारची तारीख आहे! एका व्यावसायिक क्लबच्या अकादमीत मुलाखत. सातच्या मुलाखतीला जायचं म्हणजे त्या दिवशीचा सराव कुणीतरी घ्यायला हवा. त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणालो.

तर आता मदत करा. चौदा पोरं, दीड तास, अर्धं मैदान. मी आयुष्यात शिट्टी वाजवलेली नाही. काय खेळवू?

कोल्हापुरी_लेफ्टविंग

पाचजण वर्तुळ करून बाहेर, दोघं आत. बाहेरच्यांनी दोन टचात पास, आतल्यांनी चेंडू काढायचा. ज्याचा चेंडू गेला तो आत. सातचा एक असे दोन गट लाव, वीस मिनिटं गेलेली कळायची नाहीत.

म्हापशेकार

शंकू आठ बाय आठ मीटरवर लाव, त्याहून मोठं नको. आणि गोलकीपरलाही आत घे, त्याचे पाय सुधारतील.

मुलाखतवाली

कोचना सांगा, ती वही मुलाखतीला बरोबर न्यायला. मिनिटांची पानं उघडून दाखवायची, मागचं पान नाही.

रविवारची_शिट्टी

सांगतो. आठ बाय आठ लिहून घेतलं.